गेटवरचा सलाम

प्रिय रूपसिंग,

पत्र वाचून फोन करू नकोस. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही आणि उजव्यानं तुझं ऐकायचं नाही.

तांड्यावर सगळे खुशाल. आमची हळद काढून झाली. हा कागद तुझ्या संगितावहिनीनंच आणून दिला. म्हणाली, "घरात भांडी आपटून काय व्हतंय? ज्याच्यावर राग हाय त्याला लिवा."

तू, मी आणि जवळा बाजारचा शिवशंकर एकाच भरतीत लागलो. तिघंही ड्रायव्हर झालो. कारगिलच्या लढाईत द्रासच्या रस्त्यानं तोफगोळे पोचवले. रिकाम्या गाड्या घेऊन उतरताना माझ्या गाडीशेजारी गोळा फुटला, तेव्हा शिवशंकर माझ्या बाजूला बसला होता. त्याला बाहेर काढताना पाय तू धरले होतेस.

माझा कान तेव्हाच गेला. पेन्शनीवर आल्यावर एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. बर्फातले घाट चढवलेल्या माणसाला वसमत-औंढा काय अवघड! तपासणीत डॉक्टरनं माझा उजवा कान दाबून मागून माझं नाव पुकारलं. मी आपला भिंतीकडे बघत बसलेलो. ज्या लढाईनं मला पक्का ड्रायव्हर केलं, तिनंच ती नोकरी घालवली. तू मात्र फौजी ओळखींवर वसमतला सिक्युरिटी एजन्सी काढलीस आणि मला मंगल कार्यालयाच्या गेटवर उभं केलंस. तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण या लग्नसराईत तुझा हुकूम आला. छातीवर पदकं लावायची, नवरदेवाच्या गाडीला सलाम ठोकायचा, पार्टीला आवडतं. मी नको म्हणालो, तर हसलास. "पेटीत ठेवून पूजा करतो काय?" आणि मी, मूर्ख, लावून उभा राहिलो.

रविवारच्या लग्नाला शकुबाई आली होती. शिवशंकरची आई. बँडच्या गोंगाटात मी गाडीला सलाम करत होतो. ती समोर येऊन उभी राहिली, पदकांकडे बघितलं. मग उजव्या कानाशी येऊन म्हणाली, "जगन, माजा शिवा असता तर त्यालाबी असंच उभं केलं असतं का रे?" जेवली नाही. तशीच निघून गेली. मी तिथंच पदकं उतरवली. उद्यापासून कामावर येणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या म्हातारीला मला उत्तर देता आलं नाही. पाय तू धरले होतेस, रूपसिंग. जवळा बाजारला जा आणि तिला उत्तर दे.

अजून तरी तुझाच,
जगन