टेकडीच्या दाराचा तिसरा प्रश्न

२ एप्रिल, अंधारानंतरचं एकतिसावं वर्ष

माझं नाव वाचलं. माझं! टॉलफसन मास्तरांनी भर सभेत सांगितलं, यंदा टेकडीच्या दारापुढे दारिया ह्नातियुक उभी राहील. मागून कुणीतरी म्हणालं, "खेचरवाल्यांची पोर?" मास्तर म्हणाले, "शाळेत एकही चूक न करणारी तीच आहे."

आमच्या घरात माझ्याआधी कुणाला अक्षर येत नव्हतं. आई सहीच्या जागी अजून खेचराचा खूर काढते. आनंद व्हायला हवा होता. पण चुकले तर काय, एवढंच डोक्यात फिरतंय.

५ एप्रिल

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

दोन वर्षं गव्हावर तांबेरा पडला. उरलेलं बी पेरलं तरी तेच होणार. टेकडीतल्या कोठारात जुना गहू आहे, त्याला तांबेरा लागत नाही. तो मिळाला नाही तर जूनमध्ये सगळ्यांनी पायी दक्षिणेला निघायचं. आईचं कमरेचं हाड मोडून तीन वर्षं झाली, तिला विहिरीपर्यंत जाववत नाही. आणि तोवर खेचरं खाऊन संपलेली असतील. हे कुणी बोलत नाही. माझा भाऊ ओस्ताप खेचरांना खरारा करत बसतो.

जगभर अंधार पडला तेव्हा बोलकी यंत्रं माणसांच्या आवाजात हाका मारून कोठारं लुटायची. म्हणून कोठाराचं दार आधी विचारतं, तू माणूस कशावरून? वर्षातून एकदा, बर्फ वितळल्यावर, एकालाच. पटलं नाही तर पुढच्या वसंतापर्यंत गप्प. आजवर एकदाही पटलेलं नाही.

९ एप्रिल

आजवर दाराला दिलेल्या उत्तरांचं पुस्तक पाठ झालं. सगळ्यात सुंदर तिसरं उत्तर. प्रश्न: तू आजारी होतास तेव्हा आईने काय केलं? उत्तर: आईने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि पहाटेपर्यंत तो उचलला नाही.

पहिल्या वर्षी गेलेल्या माणसाचं आहे म्हणे; तो सांगताना चाचरला. नंतरच्या सगळ्यांनी तेच दिलं. मास्तरांच्या मते पाठांतर कच्चं पडलं म्हणून दार उघडलं नाही. गेल्या वर्षी इव्हर "पहाटे"पाशी अडखळला. मी अडखळत नाही. खेचरांपुढे वीस वेळा म्हटलं.

आई सलगम सोलत ऐकत होती. म्हणाली, "ही कुणाची आई?"

"पुस्तकातली."

"चांगली दिसते," म्हणाली, आणि सोलत राहिली.

१४ एप्रिल

झोप नाही. नखं खाऊन संपली.

१७ एप्रिल

आजच लिहायला हवं.

मास्तर, ओस्ताप आणि मी खेचरं घेऊन दोन दिवस चालून पोचलो. पोलादी दार, तोंडाच्या उंचीवर जाळी, खाली बंद खिडकी. आवाज सपाट, वाचून दाखवल्यासारखा. नाव विचारलं, सांगितलं. मग, कशाला भितेस? पुस्तकातलं सांगितलं, मरणाला. मग तिसरा.

"आईने माझ्या कपाळावर—" म्हटलं आणि थांबले. अडखळले नाही. थांबले. आई सलगम सोलताना दिसली.

म्हटलं, "हे खोटं आहे. पुस्तकातलं आहे. मी पाच वर्षांची होते, तापात. आईने बिटाचं सूप भरवलं, मी थुंकलं. घरातले शेवटचे बीट होते. तिने माझ्या थोबाडीत मारली. मग जमिनीवरचं सूप बोटाने निपटून मला चाटवलं. उरलेलं स्वतः चाटलं, रडत. आणि दुसरं उत्तरही चूक आहे. मरणापेक्षा मी चुकायला जास्त भिते. तेवढं दुरुस्त करून घ्या."

मास्तर दगडावर बसले, तोंड झाकून. ओस्ताप पुटपुटला, "झालं. बुडालो."

दार गप्प. इतका वेळ, की ओस्ताप खोगीर आवळायला लागला. मग आवाज आला, "सुपात अजून काय होतं?"

हा प्रश्न पुस्तकात नाही! कोणत्याच वर्षीचा नाही.

"शेपू," म्हटलं. "आणि एक हाड. तीनदा उकळलेलं."

आत काहीतरी घरघरलं, तेल न घातलेलं चाक अडकावं तसं. खालची खिडकी उघडली. एकेक करून अकरा पोती बाहेर आली. मास्तर पोत्याला मिठी मारून रडले.

२० एप्रिल

वेशीवर अख्खं गाव! "खेचरवाल्यांची पोर" म्हणणारा बाप्याच मला खांद्यावर घेऊन नाचला.

मला थोबाडीतलं सांगायचं नव्हतं. ओस्तापने चौकात साग्रसंगीत सांगितलं. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "शेपू आपल्या परसातली होती, हे सांगितलंस का?"

२३ मे

पेरणी संपली. आईने शेवटची मूठ बसल्या जागेवरून फेकली.

८ जुलै

तांबेरा नाही. एक ठिपकासुद्धा नाही! म्हातारी माणसं शेतात उताणी पडून पानांची खालची बाजू तपासतात आणि उठायचं विसरतात. कुणी कुठे जायचं नाही. आई इथेच राहणार.

मास्तर म्हणाले, पुस्तकात नवं उत्तर लिही. मी पान कोरं ठेवलं. म्हटलं, माझं पाठ केलं तर पुढच्याचं खोटं होईल. मग त्यांनी पुस्तक पहिलीच्या मुलांना दिलं, गोष्टी म्हणून वाचायला.

३१ ऑगस्ट

पहिलं पीठ. आमच्यात पहिला पाव बी देणाऱ्याच्या घरी जातो. लोक हसले, दाराला पाव? आई म्हणाली, दिलंय ना त्याने? मला खेचरावर बसवा. बिटाचं सूपही तिनेच केलं.

४ सप्टेंबर

आईने पाव आणि सुपाचं भांडं खिडकीपाशी ठेवलं. खिडकी उघडली.

आतून एक हात बाहेर आला. माणसाचा, म्हातारा, थरथरणारा. भांड्याच्या आधी त्याने आईची बोटं धरली.

नखं माझ्यासारखीच खाल्लेली, चुकायला भिणाऱ्याची.