मधली चित्रं

प्रिय मीने,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात आणि सून माझ्या फोडणीला नाक मुरडते, एवढंच. फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं चाललंय ना, मग झालं" म्हणून माझी बोळवण करतेस. पत्राची तशी करता येत नाही.

वाईट बातमी आधी. आपला शेखरदादा गेला. दिवाळीपासून दवाखान्यातच होता. दशक्रियेला रामकुंडावर आपल्या कार्टूनच्या स्टुडिओतली मी एकटीच होते. त्याचा मुलगा हर्षल तुला कळवू म्हणाला, मीच त्याला थांबवलं. सिन्नर काही लांब नाही, पण तू नाशिकला येत नाहीस, आणि का येत नाहीस तेही मला माहीत आहे.

द्वारका चौकाजवळची ती स्टुडिओची खोली आता रिकामी करायची आहे. "काकू, भंगारवाला यायच्या आत एकदा बघून जा," असं हर्षल म्हणाला म्हणून गेले. खालची पिठाची गिरणी गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलंय. गिरणी सुरू झाली की आपली टेबलं थरथरायची आणि दादा जिन्यातून ओरडायचा, "अहो, दळण थांबवा, माझा हत्ती लंगडायला लागला!" ती काचेची टेबलं आहेत अजून, काचेखालच्या ट्यूबलाइट तेवढ्या गेल्या. दादा मुख्य चित्रं काढायचा, पाय उचलला, पाय टेकला, अशी. त्यांच्या मधली सगळी तुझी. मग मी ती पारदर्शक शीटवर गिरवून मागून रंग भरायची. शूटिंगला मुंबईला गेलेली शीटं परत आली की आपणच गच्चीवर साबणाच्या पाण्यात धुवायचो, कारण शीट महाग. हत्ती, राजा, जाहिरातीतली सरबताची बाटली, सगळं मोरीतून वाहून गेलं. कोरी शीटं दोरीवर घालताना तू म्हणायचीस, सरे, चित्रकार व्हायला आलो आणि परटिणी झालो.

त्यामुळे काही उरलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. पण कपाटावर पेन्सिलीच्या कागदांचा एक गठ्ठा होता. वरची धूळ झटकून दोन कागद उलटले आणि मी तिथेच फरशीवर बसले. मीने, त्यात तुझी सगुणा होती.

ती शाळेची फिल्म आठव. घंटा वाजते आणि मुलगी पळत शाळेत जाते. दादाला पळणारी पोर बघायची होती, म्हणून तू आपल्या लेकीला, सगुणाला घेऊन आलीस. अंगात नवा फ्रॉक, तुझ्या सासूबाईंनी घ्यायला लावलेला. "पोरगी वाढती हाय, लय मोठा बघा," म्हणाल्या होत्या आक्काबाई. तो खांद्यावरून सारखा घसरायचा. मग ती गच्चीभर पळाली ती एका हाताने खांदा धरून, फक्त दुसरा हात हलवत. "हात सोड गं," तू ओरडलीस, तर म्हणाली, "मग फ्राक पडंल ना!" दादा हरखून गेला. फिल्म करून घेणाऱ्या साहेबांनी चित्रं बघून विचारलं, मुलीचा हात दुखतो का? दादा म्हणाला, हिचं पळणं असंच आहे. चेहरा त्याने आपला नेहमीचा वाटोळाच काढला, पळणं मात्र तिचं काढलं.

मग तिला तो ताप आला. तू चित्रं अर्धी टाकून दवाखान्यात धावलीस, ती पुन्हा त्या टेबलाशी बसलीच नाहीस. सगुणाला पोचवायला आम्ही सगळे आलो होतो, तुला आठवत नसेल. तिचा एक फोटोसुद्धा तुझ्याजवळ नाही. काढू काढू म्हणता राहून गेला.

साहेबांची घाई चालली होती. मधली चित्रं मला जमली असती, आपल्या स्टुडिओतल्या केरूलाही जमली असती. दादाने कुणाला हात लावू दिला नाही. त्याने पळणंच कापलं. फिल्ममध्ये घंटा वाजते आणि मुलगी एकदम वर्गात बसलेली दिसते. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या कागदांची शीटं झालीच नाहीत, म्हणून ती धुतलीही गेली नाहीत.

हर्षलने मोबाइलवर एकेक कागदाचा फोटो काढला आणि भराभर लावून दाखवला. पळते गं ती! खांदा धरून पळते. मग तुझी चित्रं संपतात आणि झटके बसायला लागतात, पाय इथला एकदम तिथे. एका जागी तर हवेतच अडकते. मी रडले, लपवत नाही. हर्षल म्हणाला, काकू, चहा होईपर्यंत मधली सगळी चित्रं कॉम्प्युटरच भरून देईल, बाबांच्या शोकसभेत दाखवू. पोरगा गुणी आहे, तरी मी त्याच्यावर खेकसले. कॉम्प्युटरला काय माहीत फ्रॉक किती मोठा होता!

दादाने प्रत्येक चित्राच्या कडेला मधल्या चित्रांच्या जागा रेघांनी आखून ठेवल्यात, आणि खाली तुझं नाव लिहिलंय. म्हणून हे पत्र. माझा राजू हे घेऊन येतोय, त्याच्याजवळ तो गठ्ठा, कोरे कागद आणि ते अडकवायची खुंट्यांची पट्टी दिली आहे. हात थरथरतो म्हणशील, तर गिरणीच्या डोक्यावर बसून काढायचीसच की. नको वाटलं तर सगळं तसंच परत पाठव, मी रागावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्यात काही भरूही देणार नाही. पण मीने, पोर फार वर्षं एक पाय उचलून थांबली आहे. तेवढा तिचा पाय टेकव.

तुझीच,
सरी