रांग शांत झाली तेव्हा

सर, तुम्ही गेल्याचे कळले तेव्हा काकूंना सांत्वनाचे पत्र माझ्या पत्नीने लिहिले होते. मी खाली केवळ सही केली. आज तीही नाही. तिला जाऊन चार महिने झाले, आणि जे तिच्यादेखत तुम्हांला सांगितले असते ते आता एकट्याने लिहीत आहे.

स्टेट कॉलेज या गावातले तुमचे स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. रविवारी आम्ही विद्यार्थी बर्फातून चालत येत असू आणि काकू आल्याआल्या पिठल्याचे पातेले टेबलावर ठेवत. मी स्थापत्य अभियांत्रिकीचा; तुमचा रशियन साम्राज्याचा विषय केवळ वेळापत्रकात बसला म्हणून घेतलेला. पहिल्या महायुद्धाने त्या साम्राज्याचे काय केले, यावर मी रेल्वेविषयी निबंध लिहिला होता: आघाडीकडे वळवलेल्या मालगाड्या, नादुरुस्त इंजिने, दक्षिणेत पडून राहिलेले धान्य आणि उत्तरेत पावासाठी ताटकळणारी राजधानी. तुम्ही निबंध पातेल्याशेजारी ठेवता, चष्मा काढता. "बरोबर आहे सगळं," तुम्ही म्हणता. "पण अरे, एवढ्या मोठ्या देशात पाव आणायला कोणीच गेलं नाही का?" मी उत्तर जुळवत असतानाच समोर बसलेली मुलगी म्हणते, "सर, याच्या रशियात बायकाच नाहीत. सगळे स्टेशनमास्तर!" काकूंना हसता हसता ठसका लागला. मला फार राग आला होता. त्याच मुलीशी मी दोन वर्षांनी लग्न केले.

तुमची कार्डांची पद्धत आम्हां दोघांनाही जन्मभर पुरली. प्रत्येकाने त्या राजधानीतले, पेट्रोग्राडमधले, एक घर कल्पायचे आणि दर आठवड्याला त्या घराचे एक कार्ड लिहायचे. घर कल्पित, पण त्यात घडणारे सारे कागदपत्रांतून आलेले. तिने एक धोबीण घेतली होती, जिचा नवरा आघाडीवर होता. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात ही बाई झारसाठी मेणबत्ती लावते. मग गावाकडचा घोडा सैन्य घेऊन जाते, नवऱ्याची पत्रे येईनाशी होतात, पावाची रांग पहाटेपासून लागते. रांगेत बायका जागेवरून भांडतात, टोपलीवरून भांडतात, कुणाच्या नवऱ्याला आघाडीपासून दूर सुखाची नोकरी मिळाली यावरून भांडतात. तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका कार्डावर तिने एवढेच लिहिले होते, की आज रांगेत कोणी भांडले नाही. तुम्ही ते वर्गात वाचून दाखवले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. त्या रविवारी स्वयंपाकघरात म्हणालात, "याची भीती बाळगा. या बायका एकमेकींशी भांडायचं सोडतात तेव्हा साम्राज्य संपलेलं असतं. राजवाड्याला कळायला काही आठवडे जातात, इतकंच." मी विचारले, कुणी वर कळवले नव्हते का? "कळवलं होतं की. पोलिसांच्या कारकुनांनी लिहून लिहून कळवलं. पण वाचणारा आपल्याला हवं तेवढंच वाचतो."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. अक्षर चांगले आले आहे.

पुढे आम्ही बॉथेल गावी घर केले, तिथे फ्रिजवर दर सोमवारी तिने लिहिलेले एक नवे कार्ड लागे. संपलेले जिन्नस, येणारे पाहुणे, आणि सर्वांत खाली घराविषयी एक ओळ. जुनी कार्डे ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. दुकानात जाताना मी कार्डाचा वरचा भाग वाचत असे. आमचा वाद थर्मोस्टॅटवरून होई, मी दोन अंश कमी करी, ती वाढवी, "हे काय शीतगृह आहे का?" असे विचारी. गेल्या शरद ऋतूत तिने थर्मोस्टॅटला हात लावणे सोडले. शाल पांघरून बसे. मी बेलव्ह्यूला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोनवर सांगितले, "हल्ली तुझी आई शांत झाली आहे." सांगताना मला समाधान वाटत होते, हे नमूद केले पाहिजे.

दिवस झाल्यानंतर मुलीने विचारले, "बाबा, आईने काहीच सांगितलं नव्हतं? एनीथिंग?" मी म्हणालो, "काही नाही. कळायला मार्गच नव्हता." तिचा विश्वास बसला. तेव्हापासून ती स्वतःला दोष देते, की आपण अधिक वेळा यायला हवे होते. येत्या शनिवारी ती स्वयंपाकघर आवरायला येणार आहे.

काल मी तो डबा उघडला. सप्टेंबरपासूनच्या कार्डांवर खालच्या ओळी अशा आहेत: धुतलेले कपडे वर नेताना थांबावे लागले. भात गेला नाही. आजही भात नाही. शेवटच्या कार्डावर आहे, "जिन्यात दोनदा बसले. ह्यांना सांगायचे आहे." त्या ओळीच्या लगेच खाली, त्याच कार्डावर, निळ्या शाईत "दूध" असे लिहिले आहे. ते अक्षर माझे आहे.

हे पत्र मी त्याच डब्यात ठेवणार आहे. मुलीच्या सहज हाती यावा म्हणून डबा ओट्यावर काढून ठेवला आहे, झाकणही सैल केले आहे. ते शेवटचे कार्ड मात्र, सर, अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.