पलंगाशी उभं राहायचं ठरलेलं

गुरुवार, संध्याकाळ. डोंबिवली.

चहा गार झाला, तरी ती खुर्ची डोक्यातून जात नाही.

ड्युटी बदलताना टेबलाशी बसून नाही, प्रत्येक पेशंटच्या पलंगाशी उभं राहून पुढच्या पाळीच्या नर्सला माहिती द्यायची, हा आमचा प्रोजेक्ट. माझा आणि सुवर्णाचा, ट्रेनिंगपासूनची मैत्रीण माझी. खुर्च्या तिनेच उचलून स्टोअरमध्ये टाकलेल्या. नव्या मुलींना म्हणायची, "अगं, पेशंटसमोर बोला, चूक तिथेच सापडते." आणि सापडायचीच. वॉर्डातल्या मोहने गावच्या आजी रोज हात पुढे करून सांगायच्या, "सिस्टर, इथे सूज आहे, इथे सुई नको."

आज तपासणीवाले आले, खूश झाले, सुवर्णाचं कौतुक केलं. करू देत, मला त्याचं काही नाही. पण ते लिफ्टमध्ये शिरतात न शिरतात तोच, ऐन ड्युटी बदलायच्या वेळी, ही स्टोअरमधून खुर्ची घेऊन आली. मुलींसमोरच म्हणाली, "सुटलो गं बाई एकदाचे! बसा आता."

म्हणजे एवढे महिने हे सगळं त्यांना दाखवायला होतं? मुली माझ्याकडे बघत होत्या. तिने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले.

पलीकडे आजी हात पुढे करून आमची वाट बघत होत्या.