सोनेरी गुडघे आणि रोवण्याची पहिली पेंडी

मी, सौ. बायजाबाई केवळराम ठवकर, वय बावन्न, धंदा शेती, राहणार सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. बिघडले आहेत ते फक्त दोन गुडघे. ते पुढच्या आठवड्यात बदलायचे ठरत आहे, पण मी अजून हो म्हटलेले नाही. भीती वाटते. ऑपरेशनच्या टेबलावर चढण्याआधी आपले लिहून ठेवावे म्हणून हा खटाटोप. मसुदा शेजारच्या वासुदेवराव गुरुजींचा, मधली बडबड माझी.

१. माहेराकडून मिळालेली, बोडीच्या तळ्याच्या पाण्यावरची धानाची बांधी माझी मुलगी तृप्ती हिला. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरची तूरही तिचीच. विकू नये असे लिहिणार होते, पण गुरुजी म्हणाले, दिली म्हणजे दिली.

२. घर ह्यांच्या नावावर आहे, त्यावर मी बोलत नाही. पाटा, तवा आणि मोठी कढई मात्र मी आणलेली. ती ह्यांना. आधी स्वयंपाक शिकावा.

३. गुडघे. तेही माझी मालमत्ता होणार, म्हणून लिहिणे भाग आहे. डॉक्टरांनी नमुना दाखवला. वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक, मधे प्लॅस्टिकची चकती. ह्यांनी तो उलटूनपालटून पाहिला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, ही पावसाळाभर बांधीच्या पाण्यात उभी राहते. हे गंजन तं नाही ना जी?" डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. म्हणाले, गंजत नाही, झिजते ती बहुधा मधली चकती. या वयात बसवले तर पुढे कधी पुन्हा उघडावे लागू शकते. मग मी बेन्टेक्सच्या नकली माळेचे सांगितले, की घातली की गळ्यावर चट्टे उठतात. ह्यांनी मला कोपर मारले, गुडघ्याच्या दवाखान्यात गळ्याचे कायले सांगतेस म्हणून. पण डॉक्टर म्हणाले, बरे झाले सांगितले, नेहमीच्या धातूत थोडे निकेल असते. गळ्याला सोसत नाही म्हणजे गुडघ्यालाही सोसणार नाही असे नाही, तरी तुमच्यासाठी सोनेरी लेपाचे पाहू.

सबब, माझी राख सावडताना सोनेरी वस्तू सापडतील. ते सोने नाही. त्यावरून भांडू नये, सोनाराकडे नेऊन माझी शोभा करू नये. वैनगंगेतही टाकू नये. माझ्या बांधीच्या धुऱ्यात पुरावे.

४. माझी थोरली जाऊ निर्मलाबाई, तिला मी बाईच म्हणते. वय अठ्ठावन्न, गुडघे टणक. याचा मला राग आहे आणि तो मी सोबत नेणार, कोणाला देत नाही. तिचे म्हणणे, "साठ होऊ दे, मंग कर. एकदाच चिरफाड." तृप्ती म्हणते, "तोवर आई खाटेवरच बसून राहीन का, मोठीआई?"

आमच्या घरी रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, पहिल्या दिवशी धानाच्या रोपांची पहिली पेंडी थोरली सून लावते. बाईने लावली त्या वर्षी पुराने सगळा रोवणा नेला. पुढच्या वर्षी सासूबाई गोदावरीबाईंनी ती पेंडी माझ्या हातात दिली, मी धाकटी असून. पूर काही पेंडी लावणारीचा हात पाहून येत नाही, पण सासूबाईंपुढे कोण बोलणार. तेव्हापासून दरवर्षी नेमके पहिल्या दिवशी बाईचे डोके दुखते. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन येते आणि माझ्या दुप्पट रोवते.

गेल्या आषाढात मी पेंडी लावली आणि मला चिखलातून पाय काढता येईना. तेव्हा डोके दुखणारी बाई धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाआडून धावत आली. म्हणजे ती तिथेच उभी होती. दरवर्षी उभी राहत असणार. काखेत हात घालून तिने मला उचलले आणि म्हणाली, "काहून जीव देऊन राहिली वं एका पेंडीसाठी?" मला फार वाईट वाटले. म्हणून ~~माझ्या मागे~~ पहिली पेंडी निर्मलाबाईची.

५. हे कलम आत्ता वाढवत आहे. साक्षीला मी बाईलाच बोलावले होते. न वाचताच सही करायला तिने पेन उचलला, तर गुरुजी म्हणाले, ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. बाईने पेन खाली ठेवला.

"मले काय देऊन राहिली वं?"

"पेंडी," मी म्हटले.

बाईने पेनाला टोपण लावले. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुह्या मेल्यावर मले नको."

तेव्हा कलम चारमधील "माझ्या मागे" हे शब्द मी खोडले आहेत. बाकीचे मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होईल. पेंडी येत्या आषाढापासून लागू. बाई लावणार, मी धुऱ्यावर उभी राहून चुका काढणार. उभे राहायला गुडघे लागतात, म्हणून ऑपरेशनला माझे हो आहे.

ठिकाण: सिहोरा
दिनांक: १४ डिसेंबर २०२४

सही: बायजाबाई केवळराम ठवकर

साक्षीदार:
१. वासुदेवराव गुरुजी
२. ~~निर्मलाबाई~~ भय्याजी, पिठाच्या चक्कीवाले