रिकामी पाकिटं

मंगळवार, संध्याकाळ

लालबागच्या सावंतमावशी आमच्या रुग्णालयातल्या नव्या औषधाच्या चाचणीत आहेत. दर महिन्याला गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून देतात. मी ती मोजून 'सर्व घेतल्या' लिहिते. आज त्यांच्या पिशवीतून एक डबा पडला. आत तीन महिन्यांच्या, पाकिटांतून काढून ठेवलेल्या गोळ्या.

"गोळी घेतली की चक्कर येता गो. पण पाकिटां भरलेली दिसली तर डॉक्टर तुका बोलतले."

म्हणजे हे माझ्यासाठी? आणि मी फक्त रिकामी पाकिटं मोजली. कसं वाटतंय, हे एकदाही नीट विचारलं नाही.

जुन्या नोंदींवर रेघ मारली, खरं लिहिलं, सही केली. डॉक्टर खूप बोलले. मावशी बाहेर बाकावर ऐकत होत्या. मी आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "बघ, बोलले ना तुका?"