इशिता क्वालालंपूरहून बोलते आहे

रेडमंड,
२२ एप्रिल २०२५

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की रडू येतं, म्हणून टाईप करते आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. पाऊस चालूच. संजीव दिवसभर मीटिंगमध्ये असतो.

इशिताचं नक्की काय चाललंय? सिअ‍ॅटलच्या रेडिओतून लेऑफ झाल्यावर मामाकडे तीन आठवडे राहून येते म्हणून गेली, त्याला आता तिसरा महिना लागला. मी विचारलं की ‘मजेत आहे’ एवढंच म्हणते. आणि काल महाराष्ट्र मंडळातल्या शुभाने मला एक व्हिडिओ पाठवला. मलेशियाच्या कुठल्याशा चॅनलवर आपली पोर तिकडचा पायघोळ रेशमी पोशाख घालून बसली आहे, शेजारी एक देखणा मुलगा, आणि दोघं हसत हसत बोलतायत. एंगेजमेंट झाली का, असं शुभाने विचारलं. मी काय सांगू?

खाली शेकडो कमेंट्स. फोनवर भाषांतर करून पाहिलं तर एकात ‘पाहुणीने आपल्या घरी जावं’ आणि दुसऱ्यात ‘हिने चेंडू खाल्ला’ असं आलं. कुठला चेंडू? तो मुलगा मुसलमान असेल तर तिथे लग्नासाठी धर्म बदलावा लागतो म्हणे. संजीव म्हणतो, जॉब असेल, उगाच काहीतरी मनात आणू नकोस. मला काहीच उमगत नाही. तू सगळं खरं लिही.

उत्तरावहिनींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
रेणू

क्वालालंपूर,
२५ एप्रिल २०२५

चि. सौ. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

आधी श्वास घे. तो मुलगा हकीम, त्या चॅनलवरचा खेळांचा जुना समालोचक. त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. त्यांच्या ईदेला इथे सगळे सगळ्यांच्या घरी जेवायला जातात. तो पोशाख हकीमच्या बायकोने दिला. त्या दिवशी त्यांचा तमिळ कॅमेरामन आणि चिनी प्रोड्यूसरसुद्धा मलायी कपड्यांत होते.

तू विचारलेला चेंडू सेपाक ताक्रॉ नावाच्या इथल्या खेळाचा. जाळीच्या दोन बाजूंना तिघं तिघं, वेताने विणल्यासारखा चेंडू, आणि हात लावायचा नाही. पायाने, डोक्याने मारायचा. हकीमच्या ओळखीने इशिता बघायला गेली होती. इंग्रजी समालोचकाचा आवाज बसला आणि तिला बसवलं. चार सामने छान झाले. मग उपांत्य सामन्यात एक सेट बाकी असताना तिने सामना संपला म्हणून सांगितलं. ज्या संघाला तिने हरवलं, तोच पुढे जिंकला. लोकांनी तोवर टीव्ही बंद केले होते. तू वाचलंस ते त्याबद्दलचं; ‘चेंडू खाल्ला’ म्हणजे उरलेला सेट गिळून टाकला, अशी टिंगल.

त्या रात्री ती जेवली नाही. उत्तरा तिच्याजवळ बसून होती. मी म्हटलं, आता घरी जा बाळा. तर दुसऱ्या दिवशी ती त्याच संघाच्या सरावाला गेली आणि कोचला म्हणाली की मला पहिल्यापासून शिकवा. कपाळावर टेंगूळ घेऊन परत आली. दुसऱ्या उपांत्य सामन्याच्या सुरुवातीलाच तिने टीव्हीवर माफी मागितली.

आता फायनल तिला दिली आहे, आणि वर्षभराचं कामही देतायत. व्हिसाचं बघतील. तू रडशील म्हणून तिने तुला सांगितलं नाही.

खरं सांगू, माझाही गोंधळ आहे. तो कॅमेरामन, वाणी, तिच्याशी तमिळ बोलतो, ती मोडक्या मलायीत उत्तर देते, शेवटी दोघं इंग्रजीवर येतात. ती इथली कोण, मला कळत नाही. तू म्हणशील तर तिला विमानात बसवतो.

काळजी कर, पण जेवून कर.

तुझा,
दादा

रेडमंड,
५ मे २०२५

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

फायनल पाहिली. इथे सकाळ होती. संजीवने मीटिंग कॅन्सल केली आणि चहा गार होईपर्यंत आम्ही बघत बसलो. खेळ कळला नाही. कोण जिंकलं तेही मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक खेळाडू हवेत उलटा झाला, डोकं खाली, पाय वर, आणि त्याने तो चेंडू असा हाणला की इशिताचं बोलणंच थांबलं. मग तिच्या तोंडून निघालं, ‘आई गं.’ हकीमने विचारलं, हे काय. ती सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्याकडे दुखलं किंवा थक्क झालं की आईला हाक मारतात. संजीव उठून आत गेला. मला हसू येत होतं की रडू, ठाऊक नाही.

नंतर तिचा फोन आला. परत ये, असं सांगायचं ठरवलं होतं. विचारलं काय, तर जेवलीस का. नारळाच्या दुधातला भात खाल्ला म्हणाली. मग तिनेच हळूच विचारलं, रागावलीस का. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, दादा. मुलगी हरवली म्हणावं तर ती इतकी आनंदात मी कधी ऐकली नव्हती.

तिला विमानात बसवू नकोस. पण मी असं लिहिलं हे तिला सांगूही नकोस. राहू का, असं तिने मला स्वतः विचारायला हवं. तेव्हा काय बोलेन, ते अजून माझंच ठरलेलं नाही.

आम्हां तिघांवर तुझी माया अशीच राहो.

तुझी,
रेणू